पाठमोरी गौर

माझ्या बायकोच्या नावानं घरगुती आरास स्पर्धेचं बक्षीस सुरू करावं, असं आमच्या तालमीच्या, म्हणजे पेठेतल्या मंडळाच्या, लोकांना गेल्या वर्षी वाटलं. ते बक्षीस एका संध्याकाळी सुरू झालं आणि त्याच संध्याकाळी बंद पडलं. बंद मी पाडलं. तेव्हापासून गल्लीत माझ्याबद्दल काय बोललं जातं ते मला ऐकू येतं. कान अजून शाबूत आहेत. म्हातारा भ्रमिष्ट झालाय, असं अर्धी गल्ली म्हणते. मेलेल्या बायकोची अब्रू काढली, असं उरलेली अर्धी म्हणते. दोन्ही खोटं आहे, म्हणून लिहून ठेवतो. वाचून कुणी माझी कीव करू नये. कीव करणाऱ्यांचा मला आयुष्यभर राग आला आणि म्हातारपणात तो कमी झालेला नाही.

मी चित्रकलेचा मास्तर. कोल्हापुरातल्या एका हायस्कुलात पोरांना पेला, मडकं आणि त्यांच्यावर पडणारी सावली शिकवण्यात नोकरी गेली. हातात पेन्सिल असलेल्या माणसाला आमच्या पेठेत फार मान. त्यामुळं तालमीनं गौरी-गणपतीच्या घरगुती आराशीची स्पर्धा सुरू केली तेव्हा परीक्षक म्हणून पहिलं नाव माझं आलं. सोबत एक कापड दुकानदार आणि तालमीचा सेक्रेटरी. गौरीच्या पुरणपोळीच्या दिवशी आम्ही तिघं इस्त्रीचे कपडे घालून घरोघर फिरायचो. प्रत्येक घरात फराळाची बशी, वर कॉफी. तिसऱ्या घरापासून पोटात जागा उरत नसे, पण बशी परत केली तर बाई म्हणायची, मास्तरांना आमचं चालत नाही वाटतं. म्हणून खायचो. चकली चावत चावत त्या घराच्या गौरीला गुण द्यायचो. एवढीच आमची विद्वत्ता.

आराशी सगळ्या एकासारख्या एक. बाहेरच्या खोलीत टेबलांच्या पायऱ्या, त्यावर नव्या साड्या अंथरलेल्या, मागं थर्माकोलचा महाल, वर लुकलुकणारी माळ. मधोमध गौर, दाराकडं तोंड करून, लग्नात फोटोला बसवलेल्या नवरीसारखी. पुढं लाडू-करंज्यांचे डोंगर. कुठं कारंजं, कुठं बाहुल्यांचं लग्न. मी आतून कंटाळलेला आणि बाहेरून मान डोलावणारा.

असंच एका वर्षी आमच्या समोरच्या घरात शिरलो. त्या घरचा धाकटा मुलगा उद्यमनगरातल्या कारखान्यात लेथवर कामाला होता. थोरला हातकणंगल्याला शेती बघायचा. सासू धाकट्याकडं राहायची आणि घराण्याची गौर, म्हणजे पितळेचा तो जुना मुखवटा, सासूबरोबर त्या घरात होता. सून तिशीच्या आतबाहेरची, नेसरीकडची, तोंडानं फटकळ. तिच्याबद्दल मी हे सगळं लिहितोय.

बाहेरच्या खोलीत काहीच नव्हतं. एक सतरंजी, भिंतीला टेकून बसलेली सासू आणि उंबऱ्यापासून आत गेलेली कुंकवाची पावलं. आमच्याकडं गौर तेरड्याच्या रोपांच्या रूपानं पाण्यावरून घरी येते, तेव्हा तिला सगळं घर फिरवून दाखवतात. धान्याची कणगी, दुधाचं भांडं, देव्हारा, चूल, सगळं. मग आणून आराशीत बसवतात. या घरात पावलं स्वयंपाकघरात गेली होती आणि परत बाहेर आलीच नव्हती.

आम्ही आत डोकावलो. ओट्याच्या अलीकडं जुनी मातीची चूल होती, गॅस आल्यापासून पडून असलेली. ती तिनं शेणानं सारवून, गेरूनं रंगवून घेतली होती. चुलीत जाळाच्या जागी समई. वर तवा, तव्यावर भाकरी. चुलीपुढं पाटावर गौर बसलेली, साधी हिरवी इरकल नेसवलेली, पदर खोचलेला, हात परातीकडं गेलेला. डोक्यावर तोरण होतं ते झारा, उलथनं, पळी, रवी आणि लाल मिरच्यांचं, मधून मधून आंब्याची पानं. भिंतीवरच्या फळीला चिंचेनं घासलेली तांब्या-पितळेची भांडी ओळीनं लावलेली. समईचा उजेड त्यांच्यात शिरून सगळी खोली तांबूस झाली होती.

आणि गौरीची पाठ आमच्याकडं होती. तोंड चुलीकडं.

तोंड बघायचं तर चुलीला वळसा घालून पलीकडं जावं लागत होतं. पलीकडं गॅसचा ओटा आणि ओट्याशी ही बाई पोळ्या लाटत उभी. म्हणजे स्वयंपाक करणारी जिथं उभी असते तिथं जाऊन उभं राहिल्याशिवाय देवीचं तोंड दिसणार नाही, अशी ती रचना होती. मी गेलो पलीकडं. बघितलं. मुखवट्यावर खालून उजेड येत होता आणि ते पितळ घाम आल्यासारखं दिसत होतं. मी इतकी वर्षं पोरांना उजेड-सावली शिकवत होतो, आणि मला उजेड कुठून टाकायचा ते कळत नव्हतं हे मला त्या क्षणी कळलं.

हे मी आजवर कुणाला बोललो नव्हतो. मला ती आरास आवडली होती. नुसती आवडली नाही, पोटात दुखलं.

सेक्रेटरीनं तिला विचारलं की बाई, गौरीला अशी चुलीपुढं का बसवली. ती लाटणं न थांबवता म्हणाली की माहेरवाशीण घरात आली की आधी आईजवळ चुलीपाशीच बसती, बाहेर दारात तोंड करून कोण बसतंय. ती ओटा सोडून पुढं आली नाही. बशी आली नाही, कॉफी आली नाही. मी आपला मोठेपणानं हात मागं बांधून उभा, काही तरी विचारायचं म्हणून तिच्याकडं बघत होतो. तेव्हा ती म्हणाली,

"मास्तर, गौर बघाया आलायसा न्हवं? मग तिच्याकडं बघा की. माझ्याकडं काय बघताय?"

दुकानदार फसकन हसला. सेक्रेटरी हसला. बाहेरून सासूसुद्धा हसली. चांगली, चटकदार थट्टा होती. दुसऱ्या कुणावर असती तर मीही हसलो असतो. पण माझे कान तापले. मी बाहेर आलो. गल्लीत शेजारपाजारचे लोक निकाल ऐकायला उभे होते. निकाल रात्री तालमीत सांगायचा असतो, हे मला माहीत होतं. तरी मी मोठ्यानं बोललो, वर्गात बोलतात तशा आवाजात:

"आरास बरी आहे. पण आल्या पावण्याला गौरीची पाठ दाखवणारं घर मी आजपर्यंत बघितलं नव्हतं. शास्त्राला सोडून आहे हे."

मला शास्त्र काय माहीत? मी जन्मात एक पोथी पुरी वाचली नाही. पण मास्तर बोलला म्हणजे शास्त्रच. सासू दारात येऊन उभी राहिली होती. तिचं हसू गेलं होतं. ती माझ्याकडं बघत नव्हती, आत सुनेच्या पाठीकडं बघत होती.

बक्षीस अर्थातच थर्माकोलच्या महालाला गेलं.

इथवर झालं असतं तर ती गल्लीतली एक कुरबुर होऊन विरली असती. पण त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर तिच्या नवऱ्याचा हात मशीनमध्ये सापडला. दोन बोटं गेली. असे अपघात उद्यमनगरात होतात, ज्याच्या-त्याच्या ओळखीत एखादा तरी असतो. पण सासू सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात कपाळावर हात मारून बसली आणि येईल त्याला एकच सांगत राहिली की मास्तर म्हणालंच होतं, आम्ही गौरीची पाठ दाखवली, गौरीनं आमच्याकडं पाठ फिरवली.

मी मोसंबी घेऊन भेटायला गेलो होतो. माझ्या कानांनी हे ऐकलं. एक वाक्य बोललो असतो तर मिटलं असतं. म्हातारे, मला शास्त्रातलं काही कळत नाही, मी रागात बोललो, एवढंच. मी कॉटवर मोसंबी ठेवली, यंदा थंडी लवकर पडणार वाटतं असं बोललो, आणि घरी आलो. ती बाई नवऱ्याच्या उशाशी बसली होती. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं. त्या बघण्यात शिवी नव्हती. तिला वाटत होतं की मी आता बोलेन. मला ते स्पष्ट कळलं, आणि तरी मी थंडीबद्दल बोललो.

पुढच्या भादव्यात सासूनं मुखवटा फडक्यात बांधला आणि हातकणंगल्याला थोरल्याकडं नेला. धाकटीच्या हातून गौर बसवायची नाही, असं ठरलं. गौर नाही म्हणजे गौरीपुढं सूप ओवाळायचा ओवसा नाही, हळदीकुंकू नाही, गल्लीतल्या बायका झिम्मा-फुगडीला त्या घरात जायचं कारण नाही. आमच्या गल्लीत त्या तीन दिवसांत प्रत्येक दार उघडं असतं. तिचं तेवढं लोटलेलं.

आता माझ्या घरचं.

त्या दुपारी परीक्षण आटोपून घरी आलो तेव्हा बायकोनं जेवताना विचारलं, समोर काय केलं होतं. मी सांगितलं. आणि पोळीचा घास मोडत म्हणालो की कल्पना चांगली होती, तोंड फक्त पावण्यांकडं पाहिजे होतं. बस्स. एवढंच बोललो. पुढच्या वर्षी बायको म्हणाली की आपण करू या का तसं, तुम्ही म्हणाला होता तसं तोंड इकडं करून. समोर तर आता गौर नाहीच. मी पुठ्ठ्याची चूल केली, वरून शाडूचा हात दिला, आत लाल कागद आणि बल्ब लावला. बाहेरच्या खोलीत, दारासमोर, गौरीचं तोंड पाहुण्यांकडं. चूल तिच्या बाजूला, म्हणजे ती चुलीकडं न बघताच भाकरी भाजते आहे. हे कुणाला खटकलं नाही. मला रोज खटकायचं.

गल्ली लोटली बघायला. वर्तमानपत्रात फोटो आला. फोटो काढायला आलेल्या पोरानं विचारलं की ही कल्पना कुणाची. बायकोनं माझ्याकडं बघितलं. तिला काय उत्तर द्यायचं ते खरंच माहीत नव्हतं, आणि ते मी द्यावं म्हणून तिनं बघितलं. मी म्हणालो, "हिचीच."

आणखी एक गंमत. स्वतःच्या घरची आरास स्पर्धेत आली म्हणून मी परीक्षकपद सोडलं. त्याबद्दल तालमीनं माझा शाल-नारळ देऊन सत्कार केला. असा सचोटीचा माणूस बघायला मिळत नाही, असं भाषण झालं. ती शाल अजून कपाटात आहे, कसर लागलेली.

माझ्या बायकोला कुणी चोर म्हणू नये. तिनं नवऱ्याचं ऐकलं. पुढं दरवर्षी तिनं त्यात आपली भर घातली, जातं आणलं, पाटा-वरवंटा आणला, एका वर्षी सगळी आरास फक्त डाळी-कडधान्यांच्या रांगोळीची केली. हात तिचा चांगलाच होता. पण मूळ कुठलं ते तिला माहीत होतं आणि ते तिला टोचायचं. एकदा करंज्यांचं सारण भाजता भाजता म्हणाली की समोरच्या वहिनींना बोलावू या का यंदा, नुसतं हळदीकुंकवाला. मी म्हणालो, जुनं कशाला उकरतेस. तरी तिनं फराळाचं ताट झाकून समोर पाठवलं. आमच्याकडं दिलेलं ताट रिकामं परत करत नाहीत, साखर तरी घालतात. समोरच्या बाईनं तो नियम पाळला. ताट भरलेलंच परत आलं. आमच्याच करंज्या, मोडल्यासुद्धा नव्हत्या. बायको ते ताट घेऊन ओट्याशी बराच वेळ उभी राहिली. नंतर पुन्हा कधी तिनं विषय काढला नाही, आणि मला बरं वाटलं. मला बरं वाटलं, हे मुद्दाम लिहितो.

बायकोला जाऊन थोडी वर्षं झाली. मुलाचं लग्न झालं, सून आली, तिनं घर बदललं. स्वयंपाकघर पांढरं झालं, ओट्याखाली सरकणारे कप्पे आले, भांडी दिसेनाशी झाली. ती सणांच्या सजावटीचे व्हिडिओ करते. दिवाळीला दारात काय लावावं, पाहुण्यांना संक्रांतीला वाण कशात द्यावं, जुन्या बरण्यांत दिवे कसे ठेवावेत. कष्टाळू पोरगी आहे, मी तिला नावं ठेवत नाही. तिच्या या कामात सगळ्यात जास्त चालते ती तिच्या सासूची, म्हणजे माझ्या बायकोची, 'स्वयंपाकाची गौर'. लांब लांबच्या बायका तशी आरास करून फोटो पाठवतात. खाली लिहिलेलं असतं, आमच्या आईंची परंपरा.

गेल्या वर्षी तालमीच्या पोरांनी ठरवलं की स्पर्धेच्या बक्षिसाला आईंचं नाव द्यायचं. समारंभ आमच्याच घरापुढं, पुरणपोळीच्या दिवशी संध्याकाळी. आण्णांनी, म्हणजे मी, ही कल्पना कशी सुचली ते दोन शब्दांत सांगायचं. सून फोनवर थेट दाखवणार. मला ना झोप, ना जेवण. समारंभाच्या आदल्या दिवशी मी चप्पल घातली आणि रस्ता ओलांडला. त्या दारात मी दवाखान्यानंतर कधी उभा राहिलो नव्हतो. रस्ता पाच पावलांचा असेल.

तिचा नवरा वारलाय, मुलगा पुण्याला. ती एकटीच असते. केस पांढरे, पाठीत वाकलेली. शेपू निवडत बसली होती. बसा म्हणाली नाही. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. त्या दिवशी मला आरास आवडली होती. शास्त्र मला येत नाही. तुमच्या थट्टेचा राग आला म्हणून बोललो. आमच्या घरची आरास तुमची आहे. माझं चुकलं.

ती शेपूच्या काड्या वेगळ्या करत राहिली. मग म्हणाली,

"आता म्हातारं झालासा म्हणून आलायसा व्हय? मरायच्या आधी हलकं व्हायचं असंल. आनि वझं माझ्या घरात टाकून जायाचं."

मी म्हणालो, तसं नाही वहिनी.

"वहिनी म्हनू नका. मास्तर, तवा गल्लीत उभं ऱ्हाऊन बोललासा. आता कानात कशाला सांगताय? मला म्हाईत हाय की सगळं. ज्यास्नी म्हाईत न्हाय त्यास्नी सांगा."

मी विचारलं, तुम्हाला काय पाहिजे? तो प्रश्न तोंडातून निघाला आणि मलाच मूर्खपणाचा वाटला. पण तिनं उत्तर दिलं. आवाज खाली आला नाही, उलट चढला.

"माझी गौर पायजे. दुसरं काय? मुखवटा जावेकडं हाय. दर साली मागती. सासू मेली, माझा धनी मेला, तरी ती दीना. म्हनती तुझ्या हातनं गौरीची पाठ दिसली, माझ्या नातवंडांच्या वाट्याला काय आलं तर? तुमच्या एका शब्दावर बसलीया ती. तो शब्द तेवढा उचला, जमतंय का बघा. न्हायतर चला आता, मला भाजी टाकायची हाय."

मी घरी आलो. सुनेला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं मला बोलूच दिलं नसतं, आणि तिचं बरोबर ठरलं असतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरापुढं मांडव, खुर्च्या, बायकोचा हार घातलेला फोटो. सुनेनं फोन काठीवर बसवून माझ्याकडं तोंड करून ठेवला. समोरचं दार लोटलेलं होतं, पण कडी लावलेली नव्हती, फट दिसत होती. मला माईक दिला. मी वर्गात बोलायचो तशा आवाजात बोललो, कारण ते शास्त्राचं वाक्यही त्याच आवाजात बोललो होतो. म्हणालो की ही आरास माझ्या बायकोची नाही. समोरच्या घरातल्या सुनेची आहे. तिनं ती केली तेव्हा मी परीक्षक होतो. ती मी बघितलेली सगळ्यात चांगली आरास होती. मी ती शास्त्राला सोडून आहे म्हणालो, ते खोटं होतं. मला शास्त्र कळत नाही. तिनं माझी थट्टा केली आणि मला राग आला, एवढंच कारण. तिच्या नवऱ्याची बोटं मशीननं गेली, गौरीनं नाही. ज्यांनी ज्यांनी माझ्या शब्दावर तिला वाळीत टाकल्यासारखं केलं, त्यांनी तो शब्द आज माझ्या तोंडावर परत मारावा.

कुणी मारला नाही. मागून एकजण हळूच म्हणाला, आण्णांची साखर वाढल्यासारखी वाटती. त्यावर थोडं हसू झालं आणि त्या हशानं सगळ्यांना वाट मोकळी करून दिली. तालमीच्या अध्यक्षानं माझ्या हातातला माईक काढून घेतला आणि स्पर्धेला आलेल्या सर्वांचे आभार मानले. मुलानं मला कोपराला धरून आत नेलं. धरलं होतं ते आधार म्हणून नव्हे.

रात्री जेवायला बसलो. ताट वाढून सून उभी राहिली आणि जे बोलायचं ते एकदाच बोलली.

"चूक तुमची होती, आण्णा. आणि चोर म्हणून उभं केलंत ते आईंना. त्यांना उत्तर द्यायला तोंड आहे का आता?"

 बायकोचा फोटो आत आणून ठेवला होता, हार अजून गळ्यात. तो मीच काढला. त्यानंतर कित्येक आठवडे माझा चहा माझ्यापुढं यायचा, पण चहाबरोबर शब्द यायचा नाही. ज्या पोराटोरांना मी पेला काढायला शिकवला ती आता बाप झालेली माणसं मला रस्त्यात बघून चप्पल दुरुस्त करायला वाकायची. बायकोच्या माहेरच्यांनी जयसिंगपूरहून फोन करून मुलाला विचारलं की तुझ्या बापाला डॉक्टरला दाखवलंस का.

सुनेनं तो व्हिडिओ नंतर काढून टाकला. पण तोवर तो जायचा तिथं गेला होता. हातकणंगल्याच्या जावेच्या नातवानं तो आजीला दाखवला. एकदा नव्हे, तिनं तो परत परत लावायला सांगितला म्हणे. वर्षभर काहीच झालं नाही. मग यंदा श्रावण सरता सरता समोरच्या दारात एक गाडी थांबली. दोघांनी धरून एक म्हातारी उतरवली. तिच्या काखेत पितळी डबा, खणाच्या कापडात बांधलेला. दारातच दोघी जावा एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. गळ्यात गळा वगैरे काही झालं नाही. जाऊ म्हणाली,

"घे. मास्तर खोटं बोललाय तर माझ्याकडं ठिवून काय करू? पाठ दाव न्हायतर तोंड दाव, तुझं तू बघ."

आणि डबा देऊन, पाणीसुद्धा न पिता, ती गाडीत बसली. मी हे आमच्या खिडकीतून बघितलं. समोरची बाई डबा छातीशी धरून गाडी वळेपर्यंत उभी होती. आत जाताना तिनं आमच्या खिडकीकडं बघितलं नाही.

यंदा गौर त्या घरात आली. आमच्याकडं सुनेनं गौर साधी, फुलांत बसवली; चूल केली नाही. पुठ्ठ्याची चूल माळ्यावरून काढून रद्दीत घातली, ती मला दिसेल अशा वेळी. पुरणपोळीच्या दिवशी समोर बायकांची रीघ लागली. ज्यांनी इतकी वर्षं ते दार ओलांडलं नव्हतं त्या सगळ्या नव्या साड्या नेसून आत जात होत्या, जशा काही कालपरवाच येऊन गेल्या होत्या. एकीनंही तिची माफी मागितल्याचं मी ऐकलं नाही. माझा अपराध मी बोललो, त्यांचा त्यांच्याजवळ राहिला. फराळ तेवढा खाल्ला.

सूनही गेली. फोन घरी ठेवून गेली. परत येऊन माझ्याजवळून जाताना थांबली आणि म्हणाली, "चूल खरी आहे." कित्येक दिवसांनी ती आपणहून बोलली.

गर्दी ओसरल्यावर मी गेलो. सतरंजी तशीच, पावलं तशीच उंबऱ्यापासून आत गेलेली. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोचलो. ती ओट्याशी उभी होती, वाकलेली, लाटणं हातात. माझ्याकडं न बघता म्हणाली,

"मास्तर, तितंच थांबा. म्होरं येऊ नका."

मी थांबलो.

"तोंड बघायचा मान तुमचा एकदा झालाय. तुमास्नी आता पाठच."

मी उंबऱ्याबाहेर उभा राहून बघितलं. हिरवी इरकल, खोचलेला पदर, तेरड्याची थोडी पानं मानेपाशी बाहेर आलेली. समईचा उजेड पलीकडच्या बाजूला पडत होता, गौरीच्या तोंडावर आणि बाईच्या तोंडावर. माझ्या वाट्याला भांड्यांवरून परत आलेला तांबूस उजेड. मी डोळे मिटून तो मुखवटा आठवायचा प्रयत्न केला. पितळावर घाम होता एवढंच आठवलं, नाकडोळे आठवले नाहीत.

निघताना तिनं हात लांब करून एक पुरणपोळी दिली, वर तूप. दिली ती कागदी डिशमध्ये. घरात फळीवर पितळी ताटांची ओळ चमकत होती, त्यातलं एकही तिनं उचललं नाही. ताट दिलं असतं तर ते परत करायला मी पुन्हा आलो असतो.